शेरा : वाजतो

कोलशेतला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर
आता एकशे अठ्ठेचाळीस पत्रे आहेत
आणि पत्र्यांच्या आत चौदा मीटर खड्डा.
तो दिसू नये म्हणून बाहेर तळं छापलंय,
तळ्यात हंस,
हंसाकडे बोट दाखवणारं
कुठल्याशा थंड देशातलं पोर.

माझं काम हंसाच्या मागचं.
दर दुसऱ्या खांबाला टेका,
टेक्याच्या पायाशी काँक्रीटचा ठोकळा,
ठोकळ्यावर चुन्यानं घातलेला आकडा.
पाना घेऊन फिरते. बोल्ट आवळते.
लाल दिवे मोजते; वळणावरचा
दर आठवड्याला चोरीला जातो.
फाटक आतच उघडतंय ना, बघते.
बाहेर उघडलं तर त्याच्या धारेच्या उंचीला
बरोबर शाळकरी कपाळं येतात.
नियमात हे सगळं आहे, वाऱ्याचा आकडासुद्धा.
खाडीवरचा वारा मात्र साडेपाचला सुटतो,
साहेबांची गाडी गेली की.

मार्केटिंगवाल्यांनी मागच्या महिन्यात
वर आणखी चार फूट फ्लेक्स चढवला.
म्हटलं, शीड होईल याचं.
म्हणाले, मॅडम, लोगो कापला जात होता.
आम्ही तरे. तीन पिढ्या घरात होड्या होत्या.
शीड काय करतं
हे मला ड्रॉइंगवरून शिकावं लागलं नाही.

बेचाळीस नंबरला
मलखानसिंग टाकनं ताडपत्रीची दोरी बांधलेली.
चाव्या बनवतो. पत्र्याला पाठ लावून बसतो.
"टाक, दोरी सोडा."
"सावली कुठनं आणू?"
"ओढ बसते पत्र्याला. पडला तर तुमच्याच अंगावर."
त्यानं कानस थांबवली.
"पडायचाच असेल तर माझ्या दोरीनं नाही पडणार.
परवापासून दात वाजवतोय हा. रात्री जास्त.
कान लावा."

हेल्मेट काढून, भर रस्त्यात,
मी हंसाच्या पोटाला कान लावला.
आधी नुसते डंपर.
मग आत पाणी उपसणारा पंप.
मग त्याच्याही खाली, बारीक,
चुकीच्या कुलपात किल्ली फिरावी
तसं काहीतरी.

आत धावले.
ठोकळा जागेवर. बोल्ट जागेवर. आकडा जागेवर.
फक्त ठोकळ्याखालची माती
पंपाच्या गळक्या पाइपाबरोबर
कुणाला न सांगता खड्ड्याकडे निघालेली.
टेका कशालाच टेकला नव्हता.
आठ दिवस मी त्याचेच बोल्ट आवळत होते.

फूटपाथ बंद केला.
रस्त्यातला एक पट्टा शंकू लावून माणसांना दिला.
गाड्यांनी हॉर्न वाजवले.
दोन्ही हातांत पिशव्या असलेली एक बाई म्हणाली,
"चांगला उभा आहे की!"
"उभा आहे," मी म्हटलं.

रामसकल आणि त्याची दोन पोरं,
नवा ठोकळा, दोन हात अलीकडे, घट्ट जमिनीवर.
पाइप बदलला. फ्लेक्स उतरवला.
लोगो कापला गेला. फोन आले.
मी ते पाना धरलेल्या हातानं घेतले नाहीत.

संध्याकाळी पाहिलं तर दोरी सुटलेली.
टाकनं रंगाच्या रिकाम्या डब्यात बांबू उभा केला होता
आणि डबा सिमेंटनं भरला होता.
सिमेंट कुठून आलं
ते रजिस्टरात नाही.

रजिस्टरात रकाने आहेत :
खांब, टेका, बोल्ट, दिवा, रंग.
शेवटी बोटभर जागा शेऱ्याला.
तिथे मी लिहिलं, क्र. ४२, वाजतो.
वरून लाल पेनानं आलं :
योग्य तांत्रिक शब्द वापरावा.
अजून शोधतेय.

साडेपाचला फेरीला निघते आता, वारा सुटल्यावर.
एक, दोन, तीन,
पाना कमरेला, हात मोकळे.
बेचाळीसपाशी टाक मान हलवतो : गप्प आहे.
पुढे जाते.
सत्याऐंशीपाशी जरा जास्त थांबते.
तिथे बाहेर कुणी बसत नाही.