भूखंड ४१७

माझ्या पडद्यावर मवालेह पिवळं आहे.
पिवळं म्हणजे एक भूखंड, एक घर,
एक कुटुंब, एक स्वयंपाकघर.
पुढे पाच मीटर मोकळे, बाकी बाजूंना तीन,
आणि त्या मोकळ्यात
खजूर, पाण्याची टाकी, ऊन.

आज ते नारिंगी करायचंय.
मुहंदिस शौकी म्हणाले, दुपारच्या नमाजाआधी.
एक टिचकी, दोनशे चाळीस भूखंड.
एवढं सोपं होतं तर मग
एवढी वर्षं कशाला?

४१७ वर मी थांबते.
मागच्या भिंतीला चिकटून एक चौकोन,
साडेतीन बाय चार,
आत बारीक अक्षरात: भांडार.
त्या भांडारात मी राहते.
मी, भास्कर, आणि दाराबाहेर
तीन घरांची एक शेगडी.
सहाला मारिसेलचा भात,
सातला आमच्या भाकरी,
त्यापुढे थापांची डाळ.
तपासनिसांची जीप कोपऱ्यावर वळली की
झुवैनाबाई फाटकातून ओरडायच्या,
"बासमती!"
चटया गुंडाळून आम्ही सगळे
तेवढ्यापुरते तिचे पाहुणे.

सुनावणीला हिलाल अल-रवाही उभे राहिले.
"माझ्या मुली अंगणात केस वाळवतात.
मजला चढला की खिडक्या येतात,
खिडक्यांना डोळे येतात."
कुणी हसलं नाही.
खोटं नव्हतंच ते.
गाड्यांचं, गटाराचंही बोलले,
पण आवाज कापला तो केसांपाशी.

मग झुवैनाबाई, काठीवर भार देऊन:
"चार मुलगे, चौघांची चार शहरं.
नऊ खोल्यांत मी आणि एक फ्रीज.
आमच्या गावी फलजचं पाणी वाटून घेतात,
अर्धा तास याच्या खजुरांना, अर्धा त्याच्या.
वाटल्यानं पाणी आटलं नाही.
भिंत वाटून काय आटणार?"

मी इतिवृत्त लिहीत होते.
समासात मराठीत लिहिलं: पाणीपाळी.
पांझरेकाठी मामा पाटकरी होते,
रात्री दोनला कंदील घेऊन
लोकांच्या शेतात दारं धरायचे.
घर नाही, चौकट नाही,
नुसती मातीची दारं,
आणि त्यावरून कधी कुऱ्हाडीही निघाल्या,
हे झुवैनाबाईंना सांगायला हवं होतं.
सांगितलं नाही.
समासातला शब्द मी खोडला.

तोडगा निघाला तो असा:
शेजाऱ्याच्या बाजूला खिडकीचा खालचा काठ
जमिनीपासून एक मीटर ऐंशी.
भास्कर एक सत्तरचा आहे.
त्याला आभाळ दिसेल.
मी स्टुलावर चढले तर केस दिसतील.
चढणार नाही.

नोंद बदलली. भांडार खोडून निवासी.
आता मीटर वेगळा, पत्ता वेगळा,
बँकेचं पत्र थेट आमच्या नावानं येईल.
भाडं किती, ते कुठल्याच कलमात नव्हतं.
झुवैनाबाईंनी आधी खजुरांची पिशवी हातात दिली,
मग आकडा सांगितला.
नव्वदचे एकशे तीस रियाल.
माझ्याकडे न बघता.
मुलांनी ठरवलंय म्हणाल्या,
चार शहरांतून.

काल रात्री घर्बी सुटला होता,
गरम, तोंडात वाळू आणणारा.
शेगडीवर थापांची डाळ.
तेवढ्यात फाटकातून हाक आली,
"बासमती!"
मारिसेलनं झारा टाकला,
भास्करनं चटईला हात घातला,
मी दिव्याच्या बटणाकडे,
आणि बघतो तर दारात दुकानाचा पोऱ्या,
खांद्यावर वीस किलोचं पोतं.

खूप हसलो.
थापांची धाकटी तर खाली बसून हसली.
चटई भास्करच्या हातात तशीच,
अर्धी गुंडाळलेली.
उलगडायची की बांधायची,
ते महिनाअखेर बघू.