रिकामा काटा

अण्णा सियागंजात काटे दुरुस्त करायचे.
मिरचीचे, खोबऱ्याचे, एकदा एका भंगारवाल्याचा,
इतका मोठा की त्याच्या पारड्यात झोपून
मी अख्खी दुपार काढली.
तेव्हा मी किती किलोची होते कोण जाणे.
सुताराच्या घरी पाट मोडका, म्हणतात ना.

चौऱ्याण्णव.
सिस्टरनं मोठ्यानं वाचलं.
बाकावर एकीनं सरकून जागा केली, दोघींपुरती.
कार्डावर तांबडा गोल,
मग ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास बसणं,
ओकारी गिळत,
आणि फणसे मॅडम, हळू आवाजात:
यापुढे पाच-सहा किलोच, बरं का. जास्त नको.
घरी सासूबाई: दोन जिवांची बाई तू,
पोह्यांबरोबर जिलबी तरी घे.
कागदातून पाक गळत असायचा.
घ्यायचे मी.

माझ्यामागे सोरम, देपालपूरकडची.
बोटांना लसणाचा वास, पायांत पोलक्याच्या रंगाच्या चपला.
ती काट्यावर चढली ती चिमणी वळचणीला बसावी तशी.
एकेचाळीस.
"चाळीसच्या वर आहे, चल पुढे."
सोरम हसली, पास झाल्यासारखी.

ती उतरली आणि मला दिसलं,
सुई शून्यावर आलीच नाही.
दोनच्या रेघेवर थांबली, थरथरत,
जणू कुणीतरी अजून उतरायचं राहिलंय.

आधी रिकामा काटा बघ, अण्णा म्हणायचे,
मग गिऱ्हाईक.
मी वाकले. पोट मधे आलं.
मग गुडघ्यांवर बसले, हाशहुश करत,
आणि खालचं दातेरी चाक अंगठ्यानं फिरवलं.
"अहो बाई, सरकारी आहे तो!"
"म्हणूनच."

मी ब्याण्णव.
उगीच हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.
सोरमला परत चढवलं.
एकोणचाळीस.

तेच दोन किलो.
आता तिच्याही कार्डावर तांबडा गोल,
हुबेहूब माझ्यासारखा.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी तिच्या पदराची गाठ सोडून काही काढून घेतलं.
तिला मॅडम म्हणाल्या, बारा किलो तरी वाढव.
"बारा कठे से लाऊं?"
सगळ्या हसल्या. मीही.
घरी आल्यावर हसू घशात अडकलं.

पौषात मला मुलगा झाला, चार किलो शंभर.
काय गुटगुटीत, मावशी म्हणाल्या, पेढे काढा!
आणि तो कापत होता.
माझ्याकडून जाणारी साखर नाळेबरोबर तुटली होती,
त्याचं अंग अजून तिच्याच हिशोबात.
टाचेत सुई. तासानं पुन्हा टाचेत.
एवढीशी टाच, आणि एवढा मोठा मुलगा.
पेढे तसेच राहिले खोक्यात.

सोरमची मुलगी त्याच आठवड्यातली.
एक किलो नऊशे.
खिडकीजवळच्या खाटेवर
लुगड्याच्या आत छातीला बांधलेली,
बाहेर फक्त टोपी, तीही दवाखान्याची.
सोरम रात्रंदिवस तशीच, पाठ टेकून.
हात हलवताना सुद्धा विचारायची,
हलवू का?

पाचव्या दिवशी अण्णा आले.
नातवाकडे न जाता आधी बाळांच्या काट्याकडे गेले,
चष्मा वर करून रिकाम्या ताटलीशी वाकले,
फुंकर मारली, थांबले.
"शून्य बरोबर आहे. आणा आता."
सिस्टर कपाळाला हात लावून बघत राहिली.
"म्हारी छोरी के भी तोलो," खिडकीतून आवाज आला.

तिला उघडी करून ठेवली ताटलीत.
मुठी आवळून, भिंगरीसारखी रडली.
आकडा हलत राहिला तिच्या रडण्यानं,
अण्णा वाट बघत राहिले.
"चाळीस," ते म्हणाले. "चाळीस ग्रॅम वर."

सोरमनं त्यांच्याकडे नाही,
माझ्याकडे बघून विचारलं:
पास?