हौद

देवळाच्या भिंतीवर खडूनं पाळी लिहिलीय.
पहिला शनिवार, रूथबाई. दुसरा, शिमोन फिटर.
तिसरा, खरात.
पुढं 'साहेब' नाही, 'माजी मंत्री' नाही.
लिहिणारी मीच.

दिल्लीत ज्यांच्या सहीवाचून फायली अडत
ते पँट दुमडून कोरड्या हौदात उतरतात,
बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार विटेनं घासतात.
बंदूकवाला शिपाई चपला काढून दारातच,
त्याचा चहा गार होतो.

पंख्यांच्या ठरावात खरात हरले, सातास पाच.
आता त्याच पंख्याखाली
उपदेश चालू असताना डुलकी घेतात.

यंदा मे महिन्यात बाप्तिस्मे चार,
आणि पूर्णा नदीत नुसते गोटे.
टँकर आला. मागोमाग रेल्वे चाळीतल्या बायका,
हंडे, कळशा, रंगाचे डबे.
पाळक खरातांकडं बघायला लागले.
मला वाटलं, आता फोन करतील,
एका फोनवर दुसरा टँकर.
फोन खिशातच राहिला.
नळी उचलून त्यांनी पहिला हंडा भरला.

हौद गुडघ्याएवढा झाला, बस.
पोरांना निजवूनच बुडवावं लागलं.
हनोखचं नाक वरच राहिलं,
मंडळी हसली, पाळकही.
काठावर वाकून खरात
ओंजळीनं त्याच्या नाकावर पाणी लोटत होते,
ओठ हलत होते.
काय मागत होते, मी विचारलं नाही.

सोमवारी ते पाणी बादल्यांनी उपसलं.
शेवटची बादली कुणाची
यावरून थोडं भांडण झालं.