तीन मुळं

ग्रिम्सबीतल्या फ्लॅटमध्ये, सिंकच्या कडेवर
ऑर्किड आडवं घातलंय.
वरच्या मजल्यावरची डोरीन हॉस्पिटलात जाताना देऊन गेली:
“रोज पाणी घालत होते गं, तरी रुसलंय.”

रोज. तेच तर.

कुंडीला वास येतो
फडताळात विसरलेल्या बटाट्याचा.
मूळ चिमटीत धरलं की साल सुटून हातात येते,
मागे उरतो नुसता दोरा.
कात्री गॅसवर धरते, पुसते, कापते.
हे तपकिरी, हे पोकळ, हेही.
बत्तीस होती. तीन राहिली,
दाबली तर दाबून घेत नाहीत.

जखमांवर दालचिनी,
पुलावासाठी ठेवलेली, कुटून, वस्त्रगाळ.
सगळ्या स्वयंपाकघराला
उगाच सणाचा वास.

आता पाणी नाही. हेच अवघड.
ओटा पुसता पुसता
हात आपणहून नळाकडे जातो,
मी तो पदराला पुसावा तसा
स्वेटरला पुसते.
बाहेर चार वाजताच काळोख, गोदीवर धुकं.

डोरीनचा फोन:
फुललं का काही?
अजून नाही, म्हणते, पण तहान लागलीय त्याला.
ती हसते, खोकते, बराच वेळ खोकते,
मग विचारते,
हे चांगलं ना?

हो, म्हणते.
बत्तीसचा आकडा सांगत नाही.