घरातलं घरात

चिऱ्याची भिंत दीड हात जाडीची.
तिच्यातून खारा वारा येतो, सिग्नल येत नाही.
माडीवरचा राउटर आणि न्हाणीतला दिवा
यांची गाठच पडेना,
तेव्हा मी वाटेत प्लग पेरले:
ओटीवर एक, माजघरात एक, पाटल्यादारी एक.
एकाने दुसऱ्याच्या कानात सांगायचं,
दुसऱ्याने तिसऱ्याच्या,
रापण ओढताना हाक जाते तशी.

मस्कतहून भाऊ म्हणाला, कॅमेरा बसव,
आबा पडले तर इथून दिसेल.
मी आबांना मोबाइलवर त्याचं चित्र दाखवलं.
"भिंतींका कान असतत, ता माका ठावक हा.
डोळे कित्याक लावतस?
आणि बघलेला सगळा जाता खंय?"
सातासमुद्रापार, कुणाच्या तरी गार खोलीत.
चाळीस वर्षं निवतीच्या पाण्यात काढलेल्या माणसाला
हे सांगायची मला लाज वाटली.

म्हणून कॅमेरा नाही. बोलणारा डबाही नाही.
फडताळात, करमलांच्या लोणच्यामागे,
तळहाताएवढा संगणक, इन्व्हर्टरच्या जिवावर.
त्याची बाहेरची वाट मीच बंद केली.
जे कळेल ते इथेच कळेल.

भिंतीवरचा खटका मात्र काढला नाही.
अकरा वर्षं वायरी ओढतेय,
आयटीआयच्या दाखल्यावर 'तारतंत्री' छापलंय,
आणि धंद्यात एकच गोष्ट शिकले:
खटका दाबला की दिवा लागला पाहिजे.
यंत्र मेलं तरी.
बाकी सगळं तोंडीलावणं.

पहिले तीन रिले हवेने खाल्ले,
तांब्यावर हिरवं चढलं.
चौथा डब्यात घातला, कडा मेणाने बुजवल्या,
होडीच्या फटी आबा बुजवायचे तशा.
ते बघत होते. काही बोलले नाहीत,
फक्त एका कोपऱ्यावर बोट ठेवलं,
तिथे मेण कमी होतं.

मे महिन्यात वादळाने टॉवर पाडला,
पाच दिवस गावातले फोन मुके.
कुबलांच्या बंगल्याचं गेट
कंपनीला विचारल्याशिवाय उघडेना;
ठाण्याहून आलेले जावई कंपाउंडवरून उडी मारून आत गेले,
नवी विजार फाटली.
आमच्याकडे टाकी भरली, पंप थांबला.
रात्री आबा उठले, पायाशी मंद दिवा लागला.
समोर खडकांवर दीपस्तंभ
नेहमीसारखा, कुणालाही न विचारता.
मला माझा फार अभिमान वाटला.

त्याच अभिमानात नोंदी उघडल्या.
पाटलं दार: दोन चाळीस. तीन पाच.
पाटलं दार: दोन बेचाळीस. तीन सात.
रोज.
विहिरीकडचा दिवा लागलेला नाही,
म्हणजे विहिरीकडे नाही.
मग कुठे?
हातात एक सेन्सर उरला होता,
सुरंगीच्या खोडाला बांधला असता तर कळलं असतं.
बॅटरीही घातली त्यात.
तो लाल डोळा एकदा लुकलुकला,
आणि मी तशीच उभी राहिले परसात, बराच वेळ.
सातासमुद्रापार कुणी नव्हतं.
आबांच्या भिंतीचा कान
मीच होते.

आई गेल्याला दोन वर्षं होतील.
यापुढे मी काही जोडून बघितलं नाही.

नवा नियम लिहिला:
पाटल्या दाराची नोंद ठेवू नकोस.
तासाभरात ते परत वाजलं नाही, तर मला उठव.
एरवी गप्प.
जुन्या नोंदी पुसल्या.
पुसताना यंत्राने दोनदा विचारलं, नक्की का?

सकाळी आबा जाळं शिवत होते.
म्हटलं, ते दार आता कुणाला काही सांगत नाही.
"खंयचा दार?"
सुतळी दातात धरून, वर न बघता.
मग थोड्या वेळाने,
"न्हाणीतलो दिवो लुकलुकता गो.
परत खाल्ल्यान काय तुझा ता?"
खटका दाबून बघा, मी म्हटलं.
ते उठले, आत गेले.
लागला.