आज्याला जरा धर

पिंपळगावच्या शेडमध्ये बेदाणा निवडायचं यंत्र बसवायला
मोरिता नावाचा माणूस आला होता.
धुळवडीची सुट्टी, म्हणाला नदी दाखवा.
गोदावरीला आम्ही गंगा का म्हणतो
हे समजावण्यातच पंचवटी आली.

पुढं गाडी जाईना. वीर निघाले होते.
हलगी, गुलाल,
लाल फडक्यात खोबऱ्याच्या वाट्या, वाट्यांत चांदीचे टाक,
घराघरातले गेलेले पुरुष
वर्षाच्या आंघोळीला.

शेवंताआत्याच्या ताटात आमचे पणजोबा.
सखाहरी पाळदे. देवळालीहून लष्कराच्या गाडीत बसले,
परत आलं ते एक खाकी पाकीट
आणि एकोणीस रुपये नऊ आणे.
त्यातूनच सोनारानं हा टाक घडवला, घोड्यावर बसलेला.
जन्मात घोड्यावर बसले नव्हते.
खेचरं हाकायचे.

हे सगळं मी मोडक्या इंग्रजीत सांगत होतो
गिऱ्हाईकाला सांगतात तसं, चढवून.
कुठली लढाई, त्यानं विचारलं.
बर्मा, मी म्हणालो,
आणि तोंडातून गेल्यावर मला कळलं कोणाला म्हणालो.

त्यानं टोपी काढली.
आमच्याकडेही एक डबी आली होती, म्हणाला,
आत हाडांऐवजी खडा होता.
मग हळूच: तुमची माणसं आमच्यावर रागावलेली आहेत?

राग.
घरात राग होता तो पेन्शन अडवणाऱ्या कारकुनावर,
माणशी पैसे घेऊन पोरं भरती करणाऱ्या दलालावर,
अडीच बिघे गिळणाऱ्या चुलत्यावर.
जपानचं नाव निघालं ते थेट रेडिओ घेताना.
माल टिकतो म्हणे.
यातलं इंग्रजीत काय आणि किती न्यायचं?

तेवढ्यात आत्याला पदर खोचायचा होता.
ए पाव्हण्या, माझ्या आज्याला जरा धर.

गुडघाभर गुलाबी पाण्यात तो उभा,
ताट दोन्ही हातांत, बोटं पांढरी पडलेली.
पदर खोचायला असा किती वेळ लागतो.
आत्याला मी काही सांगितलं नाही.
सांगितलं नाही, हे त्यालाही सांगितलं नाही.

हॉटेलच्या फाटकाशी उतरताना
त्यानं एकच विचारलं,
त्यांच्या खेचराचं नाव काय होतं?

ऐंशी वर्षांत
हे आमच्यात कोणी विचारलं नव्हतं.