नऊ अंश

रेडिओवरची बाई खुशीत सांगत होती : नऊ अंश.
शून्याच्या वरचे.
जानेवारीची एकोणीस तारीख, आणि मी
लोकरी टोपी खिशात कोंबून निघाले.
कोट आधी हातावर, मग खांद्यावर,
मग पहिल्याच वळणावर कुंपणाला टांगून दिला.
इथे कोट चोरणार कोण,
आणि आज तो कुणाला हवाय?

कांद्याच्या रिकाम्या वाफ्यांपलीकडे
अग्लाया दोरीवर रजया टाकत होती,
बाह्या कोपरापर्यंत वर.
‘छान पडलंय की!’ ती ओरडली.
‘छान पडलंय,’ मीही ओरडले.
खोटं नव्हतं ते.
अवघड आहे ते तेच.

जंगलात चिखल.
वाट बूट धरून ठेवते
आणि सोडताना चुक्‌ करते,
काहीतरी मनाला न पटल्यासारखी.
हेझेलनं झुंबरं सोडलीत.
एकाला टिचकी मारली तर पिवळा धुरळा उठला
आणि मला शिंक आली,
एप्रिलची शिंक, जशीच्या तशी.
मी एकटीच मोठ्यानं हसले.
हसू झाडांतून फार लांबवर गेलं.
बर्फ असता तर त्यानं ते
दोन पावलांवरच गिळून टाकलं असतं.

मानेवर ऊन होतं. सांगायलाच हवं :
बरं वाटत होतं.
पोटऱ्या मोकळ्या, गुडघा दुखत नव्हता,
साठीनंतर असा दिवस कुणी दारात आणून ठेवला
तर त्याला परत पाठवायचं कसं?

मग झाडं संपली आणि सरोवर.
पेइप्सी. उघडं, तपकिरी,
कुत्रं भांड्यातलं पाणी पितं तसा
काठाशी लपलप आवाज करत.
येफिमची घसरगाडी वाळूत पालथी पडलेली,
खाली गवत हिरवं.

या दिवसांत बाबा तिथे असायचे,
आता जिथे दोन बदकं डुलतायत, साधारण तिथे.
गिरमिटानं भोक पाडायचे, काठी सोडायचे,
मिटनमधून हात काढून वहीत लिहायचे :
एकतीस. तेहतीस. तेहतीसच.
पुरेसं जाड झालं की पाइनच्या फांद्या रोवत
रस्ता आखायचे बेटापर्यंत,
आणि रविवारी आम्ही हिल्या मावशीकडे जायचो,
मोटारीचा पट्टा सोडून, दार किलकिलं ठेवून,
बुडालोच तर उडी मारता यावी म्हणून.
चाकांखाली सरोवर कण्हायचं.
आई गप्प. मी दाराच्या कडीला चिकटलेली.
नवल म्हणजे
आज मला मावशीची आठवण येत नाही,
तिच्या माशाच्या रश्श्याचीही नाही.
त्या भीतीची येते.
ती कुठे ठेवली आपण?

पाण्यात बोट घालून पाहिलं. गार होतं.
निदान ते तरी.

परतताना कुंपणावर कोट होता,
आणि कॉलरवर फुलपाखरू,
पंखांवर चार निळे डोळे, कडा झिजलेल्या.
गेल्या उन्हाळ्यातलं, कुठल्याशा फटीत झोपलेलं,
कुणीतरी उगाच उठवलेलं.
ते पंख उघडत होतं, मिटत होतं,
फूल कुठे आहे असं विचारत.
फूल नाही रे, म्हटलं. अजून तीन महिने नाही.
आणि रात्री वारा फिरणार,
हे मात्र त्या बाईनं घाईघाईत शेवटी सांगितलं होतं.

बोटावर घेऊन घरी आणलं.
लाकडांच्या खोपीत उत्तरेची भिंत आहे,
तिथे दुपारीही अंधार आणि ओल,
बर्चच्या ओंडक्यांमागे बोट टेकवलं.
ते उतरेना.
पायांना माझी ऊब लागली होती.

दार ओढून घेतलं.
एक हात पुढे, श्वास तोंडातच,
अंधारात उभी राहिले
बोट गार होण्याची वाट बघत.